दुकानाच्या पाटीवरचं १८१८ साल खरं मानायचं का?

वाशिष्ठीकाठ (सोमवार, रात्री ९.४०)
नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं वाणसामानाचं आणि काष्ठौषधींचं दुकान आहे. हिरडा, बेहडा, वावडिंग, वेखंड, मुरुडशेंग, बाळघुटीची सगळी मुळं आमच्याकडे मिळतात. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, अजून रोज सकाळी गल्ल्यावर बसतात. दुकानावर सागवानी पाटी होती आणि नावाखाली लिहिलेलं होतं ‘स्थापना १८१८’. पेशवाई बुडाली त्याच वर्षी आमचा मूळपुरुष कुंभार्ली घाट उतरून खाली आला आणि त्याने दुकान टाकलं, ही गोष्ट ऐकत आम्ही सगळी भावंडं मोठी झालो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात ती पाटी गेली. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या चोपड्या होत्या, त्याही भिजल्या. चाळीसेक होत्या, त्यातल्या सहा वाचल्या. बाकीच्यांचा लगदा झाला होता, तो आम्हीच घमेल्यांतून बाहेर काढला. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण पुढची चार वर्षं त्यांनी पाटीचा विषयही काढला नाही. आता या दसऱ्याला नवी पाटी लावायचं ठरलंय. पेंटरने विचारलं, “साल तेच ना?” त्यावर माझा भाचा म्हणाला, “आत्या, १८१८ ला पुरावा काय?” बाबांना ते लागलं. मला उत्तर देता आलं नाही.

इनामदार, सरदार, देशमुख यांचे कागद दप्तरांत असतात हे माहीत आहे. पण आमच्यासारख्या साध्या दुकानदाराच्या घराचा माग कुठे लागेल? जुन्या वर्तमानपत्रांत काही सापडतं का? चोपड्या मोडीत आहेत, मला मोडी येत नाही.

कऱ्हाकाठ (सोमवार, रात्री १०.०५)
सगळ्यात आधी हे ठरवा की १८१८ कुठलं? इसवी की शके? त्या काळचा कोकणातला वाणी इसवी सन लिहिणार नाही. शके असेल तर ७८ मिळवा, १८९६ येतं.

तात्या_रत्नांग्री (सोमवार, रात्री १०.३०)
ताई, एवढ्यात पाटी बदलू नका. घरातली आठवण उगाच टिकत नाही. चिपळूण ही घाटावरच्या मालाची जुनी पेठ. बैलांचे तांडे कुंभार्लीने उतरायचे, माल गोवळकोटला गलबतांत चढायचा आणि खाडीने दाभोळ गाठून मुंबईला जायचा. पेशवाई गेल्यावर इंग्रजी अंमल आला, बंदरं मोकळी झाली, तेव्हा घाटावरचे पुष्कळ व्यापारी खाली आले असणार. कऱ्हाकाठ म्हणतात तो हिशेब बरोबर असेलही, पण नुसत्या बेरजेने ७८ वर्षं पुसून टाकायची?

कऱ्हाकाठ (सोमवार, रात्री १०.४२)
पुसायची नाहीत, तपासायची. पाटी कधीची होती आणि कोणी रंगवून घेतली, ते बाबांना विचारा. ‘स्थापना अमुक साली’ असं लिहायची पद्धतच मुळात नंतरची आहे. १८१८ साली कोणी दुकानावर पाटी लावत नव्हतं.

अनघा_पुणे (मंगळवार, सकाळी ११.१५)
वर्तमानपत्रांबद्दल मी थोडं लिहिते, कारण त्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’, १८३२ चं. त्यामुळे १८१८ चा पुरावा छापील मराठी वर्तमानपत्रात मिळणारच नाही, ही आशा आधी सोडा. नंतरच्या काळासाठी मात्र पुष्कळ आहे: ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून, ‘इंदुप्रकाश’ १८६२ पासून, ‘केसरी’ १८८१ पासून. तुमच्या जिल्ह्यासाठी रत्नागिरीहून निघणारं ‘सत्यशोधक’ पाहा. नावावरून त्याचा संबंध फुल्यांच्या समाजाशी लावू नका, ते वेगळं.

आता शोधायचं काय? सगळे आधी जाहिराती शोधतात आणि निराश होतात. किराणा दुकानदार जाहिरात देत नसे, त्याचं गिऱ्हाईक गल्लीतलंच. तो सापडतो तीन ठिकाणी. एक, जाहीर नोटिसांत: भागीदारी मोडली, मुनीम काढून टाकला, त्याच्याशी व्यवहार करू नये, भावाभावांत वाटणी झाली. दोन, दिवाळखोरीच्या नोटिसांत, आणि त्या जास्त करून मुंबई सरकारच्या गॅझेटात. तीन, वर्गणीच्या पोचेत. हे तिसरं लोकांच्या लक्षातच येत नाही. १८९५ मध्ये रायगडावरच्या शिवसमाधीसाठी ‘केसरी’तून फंड उभा राहिला, पुढे पैसाफंडासाठी गावोगाव पैसे जमले, दुष्काळफंड निघाले. अशा वेळी गावाप्रमाणे वर्गणीदारांची नावं छापून येत, अगदी किरकोळ रकमांचीसुद्धा. मला माझ्या आजोळचं नाव असंच मिळालं. बारीक टायपातल्या यादीत, वर तालुक्याचा मामलेदार, खाली गावचा शिंपी आणि मधे आमचे आजोबा, चार आणे. मी वाचनालयातच रडले. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नाही.

एक सांगते, घाई करू नका. जुन्या अंकांची पानं कडांना इतकी ठिसूळ असतात की उलटताना मांडीवर चुरा पडतो. तळहात पानाखाली सरकवून पान उचलायचं, कोपरा धरून ओढायचं नाही.

आणि चिपळूणमध्येच लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, १८६४ चं. पुरात त्यांचंही मोठं नुकसान झालं, तरी तिथल्या जुन्या मंडळींना एकदा भेटाच. गावाबद्दल माणसांना जे ठाऊक असतं ते कुठल्या सूचीत नसतं.

सह्याद्री_भटक्या (मंगळवार, दुपारी १.१०)
चोपडीत आमच्या शिरळकरांची उधारी निघाली तर कृपया मुद्दलच सांगा, सव्वाशे वर्षांचं व्याज धरू नका 😀

निवृत्त_तलाठी (मंगळवार, दुपारी ४.००)
नोकरीची बत्तीस वर्षं याच कागदांत गेली. शहरी मिळकतीला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. विदर्भात तिलाच आखीव पत्रिका म्हणतात. भूमि अभिलेख कार्यालयात नगर भूमापन क्रमांक देऊन तिची नक्कल मागा. पण तिथे थांबू नका. तिच्या मागे चौकशी नोंदवही असते. भूमापन झालं तेव्हा अधिकाऱ्याने प्रत्येक मिळकतदाराला विचारलेलं असतं की ही जागा तुमच्याकडे कशी आली. त्याचं उत्तर त्याच्या तोंडच्या शब्दांत मिळतं, कधी दोन ओळी, कधी अर्धं पान. दुकानदार घराण्यासाठी यापेक्षा मोलाचा कागद मी पाहिला नाही.

दुसरं, दुय्यम निबंधकांकडे जुन्या सूच्या असतात. घराण्याचं नाव आणि गाव देऊन सर्च काढा. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, भाडेपट्टा यांपैकी काहीतरी सापडतंच. दुकानदाराने आयुष्यात एकदा तरी दुकान गहाण टाकलेलं असतं, यात कमीपणा नाही.

तिसरं, मूळ गाव माहीत असेल तर तिथला गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर ही दप्तरं उघडली गेली, त्यामुळे आज ती शोधणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. मोडी वाचणाऱ्यांना मात्र फुरसत नाही.

नोंदींत दोन खुणा नीट पाहा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. दुसरी खूण दिसली की समजायचं, घरातला कर्ता गेला तेव्हा वारस लहान होता.

कागदकाम (मंगळवार, संध्याकाळी ६.२०)
वाशिष्ठीकाठ, त्या सहा चोपड्या सध्या कुठे आणि कशा ठेवल्या आहेत? शोध नंतरही होईल, आधी हे सांगा.

वाशिष्ठीकाठ (मंगळवार, रात्री ८.५०)
पुरानंतर पंख्याखाली वाळवल्या, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या. दोन वह्यांची पानं एकमेकांना चिकटलीत. कोणीतरी लॅमिनेशन करून घ्या म्हणालं होतं, ते अजून केलेलं नाही.

कागदकाम (मंगळवार, रात्री ९.३०)
केलं नाहीत हे फार बरं झालं. लॅमिनेशन कधीच करू नका, त्यातून कागद परत सोडवता येत नाही. आजच प्लॅस्टिकमधून काढा, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. धुवट सुती कापडात सैल गुंडाळा, आडव्या ठेवा, एकीवर एक रचू नका. चिकटलेली पानं चाकूने किंवा वाफेने सोडवायला जाऊ नका, ते काम जाणकाराकडेच द्या. ऊन दाखवू नका, इस्त्री फिरवू नका. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता.

एक दिलासा देतो. बोरूने काळ्या शाईत लिहिलेलं असेल तर बरंचसं टिकलं असेल. ती शाई काजळाची असते, तिचा रंग उडत नाही. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेलं मात्र पाणी लागलं की पसरतं. म्हणजे तुमच्या जुन्यात जुन्या वह्या नव्यांपेक्षा जास्त वाचनीय असण्याची शक्यता आहे.

वाशिष्ठीकाठ (मंगळवार, रात्री ९.४५)
अगदी तसंच आहे! साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वही सगळी जांभळी झाली आहे आणि सगळ्यात जुनी स्पष्ट दिसते. मला वाटलं होतं की मीच काही चुकीचं पाहतेय.

पेडण्याची_पोर (बुधवार, सकाळी १०.००)
थोडं विषयांतर करते, पण कोणाला उपयोग होईल. आमचं म्हापशाला कापडाचं दुकान होतं. गोव्यात आमचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, पणजीच्या पुराभिलेखागारात. पहिली अडचण भाषेची नाही, आडनावाची आहे. प्रभूचं तिथे ‘पोरोबो’ होतं, कामतचं ‘कामोतीं’, शेणव्याचं ‘सिनाय’. मी तीन दिवस स्वतःचंच घराणं समोर असून ओळखलं नव्हतं. शेवटी तिथल्या एका कर्मचाऱ्याने नाव मोठ्याने वाचलं, तेव्हा कानाला ओळखीचं वाटलं. तेव्हापासून मी प्रत्येक नाव मोठ्याने वाचते.

न्यूजर्सीकर (बुधवार, संध्याकाळी ७.१०)
वरच्या मुद्द्याला जोडून सांगतो. इंग्रजी वर्तमानपत्रांत शोधताना गावाची स्पेलिंगं बदलून पाहा. चिपळूण तेव्हा ‘यू’ऐवजी दोन ‘ओ’ घालून लिहायचे, ‘चिप्लून’. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक स्कॅन झाले आहेत, मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून ते पाहता येतात. नाव द्या, मी इथून शोधतो. मराठी अंकांच्या स्कॅनमध्ये मात्र यांत्रिक शोधावर विसंबू नका. जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं यंत्राला कळत नाहीत.

मुंबई सरकारकडे देशी वर्तमानपत्रांचा साप्ताहिक इंग्रजी गोषवारा तयार व्हायचा, फक्त अधिकाऱ्यांसाठी. मूळ मराठी अंक नष्ट झाला असला तरी त्यातली बातमी तिथे दोन ओळींत टिकलेली असते. मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, ते खंड आहेत.

तात्या_रत्नांग्री (बुधवार, रात्री ८.००)
क्षेत्रोपाध्यांना विसरलात का सगळे? त्र्यंबकेश्वरला, नाशिकला, पंढरपूरला उपाध्यांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते बरोबर पान काढतात. आमच्या खापरपणजोबांची स्वतःच्या हातची सही मी त्र्यंबकला पाहिली, खाली मुलांची नावं, बरोबर कोण आलं होतं तेही. दुकानदार मंडळी यात्रा चुकवत नसत. सरकारी दप्तरात माणूस करापुरता येतो, उपाध्याच्या वहीत कुटुंबासकट येतो.

वाशिष्ठीकाठ (रविवार, दुपारी १२.३०)
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी कळल्या.

बाबांना पाटीबद्दल विचारलं. ते म्हणाले, “पाटी माझ्या वडिलांनी करून घेतली, मी शाळेत होतो. पेंटर शिडीवर होता आणि वडील खाली चोपडी उघडून त्याला अक्षरं सांगत होते.” म्हणजे साल चोपडीतून घेतलं! आजोबांना मोडी उत्तम यायची. बाबांच्या पिढीला ती शाळेत शिकवलीच नाही.

मग सगळ्यात जुनी चोपडी उघडली. लाल खारव्याचं वेष्टण, पानांना उभ्या घड्या. रकाने आखलेले नाहीत, घड्यांचेच रकाने. पहिल्या पानावर हळदकुंकवाचा डाग आहे, अजून पिवळा दिसतो. इथल्या एका गुरुजींनी अडखळत वाचायचा प्रयत्न केला. त्यांना ‘दुर्मुख’ असा एक शब्द लागला. नव्या वहीच्या पहिल्या पानावर असा अशुभ शब्द कोण लिहील, म्हणून तेही गोंधळले. फोटो जोडते आहे.

मोडी_मास्तर (रविवार, रात्री ९.१५)
धागा पहिल्यापासून वाचत होतो, फोटोची वाट पाहत होतो. अक्षर सुरेख आहे, लिहिणारा सराईत कारकून असावा.

‘दुर्मुख’ हे संवत्सराचं नाव आहे. साठ संवत्सरांतलं तिसावं. ओळ अशी आहे: “श्रीलक्ष्मी प्रसन्न. रोजकीर्द. शके १८१८ दुर्मुखनाम संवत्सरे कार्तिक शुद्ध प्रतिपदा. दुकान चिपळूण.”

आता ताळा करू. शके १८१८ ला संवत्सर दुर्मुखच येतं. इसवी १८१८ म्हणजे शके १७४०, त्याचं संवत्सर बहुधान्य. पेशवाई बुडाली ती बहुधान्य संवत्सरात. तेव्हा इथे शंकेला जागा नाही. ही नोंद नोव्हेंबर १८९६ च्या दिवाळी पाडव्याची आहे. व्यापाऱ्याचं नवं वर्ष पाडव्यालाच सुरू होतं, त्यामुळे दिवसही अगदी बरोबर जुळतो.

तात्या_रत्नांग्री (रविवार, रात्री ९.४०)
मास्तर, वाचनाबद्दल शंका नाही. पण वाचलेली पहिली वही म्हणजे दुकानाची पहिली वही कशावरून? चौतीस वह्या पुरात गेल्या. त्यांत याआधीची नसेल कशावरून?

मोडी_मास्तर (रविवार, रात्री १०.१०)
प्रश्न योग्य आहे. उत्तर त्याच पानावर आहे. चालू दुकानाची नवी वही उघडली की पहिली नोंद मागच्या सालची शिल्लक ओढल्याची असते. इथे शिल्लक नाही. जमेच्या बाजूला पहिली नोंद भांडवलाची आहे, आणि ती अशी: “रुपये १४०, घरातील पाटल्या मोड.” दुसरी नोंद उसनवारीची, मेहुण्यांकडून. नावे बाजूला पहिला खर्च तराजू आणि वजनांचा, मग गोणपाट, मग मुंबईहून आणलेल्या मालाचं नूर, म्हणजे बोटीचं भाडं. जुन्या दुकानदाराला तराजू विकत घ्यावा लागत नाही.

तात्या_रत्नांग्री (रविवार, रात्री १०.१८)
तराजूने निकाल लागला. मान्य.

अनघा_पुणे (रविवार, रात्री १०.५०)
नोव्हेंबर १८९६ आणि मुंबईहून माल! वाशिष्ठीकाठ, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले, त्यांत कोकणातले फार. मांडवी म्हणजे मसाले, सुकामेवा, काष्ठौषधी यांच्या वखारींचा भाग. तुमचे पणजोबा आधी मुंबईला होते का?

वाशिष्ठीकाठ (सोमवार, सकाळी ७.०५)
रात्रभर झोप लागली नाही. सकाळी बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आजी म्हणायची, उंदीर पडला की सामान बांधावं.” बाबांच्या आजीचं, म्हणजे माझ्या पणजीचं हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. कुठेही उंदीर मेलेला दिसला की ती म्हणायची आणि आम्ही त्याला म्हातारीचा वहिमीपणा समजायचो. प्लेगमध्ये आधी उंदीर मरून पडतात हे शाळेत शिकूनही मी ते या वाक्याशी कधी जोडलं नाही.

आणि ‘मांडवी’ हा शब्दही घरात होता. जायफळाचा दर चांगला वाटला की आजोबा म्हणायचे, “मांडवीचा माल आहे.” मला ते जायफळाच्या जातीचं नाव वाटायचं.

न्यूजर्सीकर (सोमवार, संध्याकाळी ५.४५)
अंगावर काटा आला वाचून.

कऱ्हाकाठ (सोमवार, रात्री ८.३०)
एक भर घालतो. त्याआधीच पुणे ते मिरज रेल्वे सुरू झाली होती, कऱ्हाडकडचा बराच माल घाट उतरून चिपळूणला येण्याऐवजी रेल्वेने जाऊ लागला होता. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये चिपळूणच्या व्यापाराचं वर्णन आहे, ते आणि ही चोपडी शेजारी ठेवून वाचा. म्हणजे तुमचे पणजोबा पेठ उतरणीला लागली असताना तिथे आले, त्यातच ते ९६-९७ चं दुष्काळाचं वर्ष. अशा वेळी घाटमालाच्या आडतीत न पडता काष्ठौषधी ठेवल्या. साथीच्या दिवसांत गिऱ्हाईक कशाला येईल हे त्यांना कळलं होतं.

लेकुरवाळी (मंगळवार, दुपारी २.२०)
मला ‘घरातील पाटल्या मोड’वरच थांबायला झालं. त्या बाईचं नाव वहीत आहे का?

मोडी_मास्तर (मंगळवार, रात्री ८.००)
नाही. पाठवलेली सगळी पानं पाहिली. मेहुण्यांचं नाव आहे, तांडेलाचं आहे, हमालाचं आहे. तिचं नाही. जमाखर्चात ती ‘घरातील’ एवढीच आहे. पण खर्चाच्या बाजूला चार वर्षांनंतर एक नोंद आहे, “पाटल्या करविल्या.” सोनाराची मजुरी वेगळी दाखवली आहे. पणजोबांनी ते देणं म्हणून धरलं होतं आणि फेडलं.

निवृत्त_तलाठी (बुधवार, सकाळी १०.४०)
दुय्यम निबंधकांकडे सर्च काढलात का?

वाशिष्ठीकाठ (पुढचा शनिवार, संध्याकाळी ६.१५)
काढला. दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला एका खिडकीवर “इतकं जुनं मिळत नाही” एवढंच ऐकून परत आले. दुसऱ्या खेपेला तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाव आणि घराण्याचं नाव अर्जात लिहून नेलं आणि सूचीच शोधायची आहे असं सांगितलं. एक गहाणखत सापडलं, दुकानाच्या जागेचं.

पणजोबा १९१८ च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत गेले, हे आम्हाला माहीत होतं. गहाणखत त्यानंतर तीन वर्षांनी झालंय. लिहून देणाराच्या जागी माझ्या आजोबांचं नाव आहे, वय वर्षे १५, ‘अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई’, आणि पुढे पणजीचं पूर्ण नाव. शेवटी सहीच्या जागी तिचा अंगठा. शाई थोडी फाकली आहे, तरी रेषा मोजता येतात. गहाण सोडवल्याची नोंदही आहे, सात वर्षांनंतरची.

म्हणजे ती सात वर्षं दुकान तिने चालवलं. आमच्या घरच्या गोष्टीत ती कधी दुकानात नव्हतीच. गोष्ट अशी होती की पणजोबा गेले आणि मग आजोबांनी दुकान सांभाळलं. पंधरा वर्षांच्या मुलाने! आता चोपड्या परत पाहते तर त्या काळातल्या वहीत अक्षर मुलाचं आहे, मोठं आणि वळण न बसलेलं, पण आकडे कुठे चुकलेले नाहीत. मास्तर म्हणाले, कोणीतरी शेजारी बसून सांगत असणार.

लेकुरवाळी (शनिवार, संध्याकाळी ६.३०)
नाव सांगाल का तिचं? सगळ्यांसमोर नको असेल तर राहू दे.

वाशिष्ठीकाठ (शनिवार, संध्याकाळी ६.४५)
बाबांना विचारलं. ते म्हणाले, आधी पाटीवर येऊ दे, मग सगळ्यांना सांग.

तात्या_रत्नांग्री (शनिवार, रात्री ७.२०)
पाटीवर? मग सालाचं काय ठरलं?

वाशिष्ठीकाठ (शनिवार, रात्री ९.००)
मी म्हटलं, १८९६ करूया. भाचाही तेच म्हणाला. बाबा नाही म्हणाले. त्यांनी जुनी चोपडी मागवून घेतली, पहिल्या पानावरचे आकडे बोटाने दाखवले आणि म्हणाले, “माझ्या बापाने चुकीचं काही लिहिलं नव्हतं. पेंटरने एक शब्द गाळला.” नव्या पाटीवर ‘स्थापना शके १८१८’ येणार आहे. त्याखाली पणजोबांचं आणि पणजीचं नाव, दोघांच्या अक्षरांची उंची एकच. पेंटरला आज माप दिलं.

कागदकाम, चोपड्या सुती कापडात गुंडाळल्या आहेत. चिकटलेल्या दोन पुढच्या महिन्यात पुण्याला घेऊन येते, पत्ता निरोपातून कळवाल का?

कागदकाम (शनिवार, रात्री ९.१०)
कळवतो. प्रवासात आडव्याच ठेवा, आणि पिशवी मांडीवर.

घाटमाथा (रविवार, सकाळी ८.२५)
इथे नवीनच सभासद झालोय, हा धागा वाचून. आमचं कऱ्हाडला भुसार मालाचं दुकान होतं, १९४८ च्या जाळपोळीत जळालं, कागद काही उरला नाही. आजोबांचे चिपळूणशी व्यवहार होते, एवढं माहीत आहे. वाशिष्ठीकाठ, तुमच्या चोपड्यांत ‘कऱ्हाड’ कुठे दिसलं तर ते पान मला दाखवाल का?